पकड घट्ट, पण औषध गेले कुठे? व्हीईजीएफ-ट्रॅपचे प्रकरण

प्रयोगशाळेतल्या तबकडीत सगळे ठीक होते. रिसेप्टरचा, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचा, तुकडा आणि प्रतिपिंडाची शेपटी जोडून केलेले ते प्रथिन व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्या वाढवणारा घटक समोर आला की घट्ट धरायचे आणि सोडायचे नाही. तेच प्रथिन उंदराला कातडीखाली टोचले आणि रक्त तपासले, तर रक्तात ते नावापुरतेच सापडले. टोचलेले औषध शरीरातच कुठेतरी अडकून पडले होते, आणि अडकले तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

रीजेनेरॉन कंपनीतल्या जोसेलिन होलॅश आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे सगळे प्रकरण, चुकलेल्या आराखड्यांसकट, प्रसिद्ध केले. त्यातून शेवटी जो रेणू तयार झाला तो आज अफ्लिबरसेप्ट या नावाने जगभर डोळ्यांत टोचला जातो. एकाच रेणूने दोन-तीन लक्ष्ये एकदम टिपायची, या कल्पनेची सध्या चलती आहे. ती चर्चा निघाली की मला दर वेळी हे जुने प्रकरण आठवते, कारण इथे घोडे लक्ष्यापाशी अडले नव्हते. ते अडले होते रेणूवरच्या विद्युतभारापाशी.

अडवायचे काय होते

गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचे तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या वाहिन्याच रोखल्या तर गाठ उपाशी राहील, असे जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. पुढे १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठींच्या द्रवात रक्तवाहिन्या गळक्या करणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्यांच्या पेशींना वाढायला लावणारा घटक वेगळा काढला, त्याला व्हीईजीएफ म्हणू लागले. दोन वेगळ्या वाटांनी सापडलेले हे दोन्ही घटक मुळात एकच निघाले. वाहिनी वाढवणे आणि गळकी करणे ही दोन्ही कामे एकच प्रथिन करते, हे डोळ्याच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरले. वयोमानानुसार पीतबिंदू, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजण्याच्या ‘ओल्या’ प्रकारात नजर जाते ती दृष्टिपटलाखाली शिरलेल्या नव्या वाहिन्यांतून पाझरणाऱ्या द्रवामुळे आणि रक्तामुळे.

व्हीईजीएफला अडवायचे दोन सरळ मार्ग. एक, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचे. बेव्हासिझुमॅब असेच बनले आणि २००४ मध्ये आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. दुसरा मार्ग जास्त चतुर वाटतो. व्हीईजीएफ ज्या रिसेप्टरवर जाऊन बसते, त्याचा बाहेरचा भाग कापून मोकळा सोडायचा. पेशीवर पोचण्याआधीच व्हीईजीएफ या बनावट रिसेप्टरवर बसते आणि संदेश पुढे जातच नाही.

ही युक्ती निसर्गाने आधीच वापरली आहे. व्हीईजीएफचा पहिला रिसेप्टर शरीर दोन रूपांत बनवते. एक पेशीच्या आवरणात रोवलेले, दुसरे तुटके आणि मोकळे तरंगणारे. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा रक्तवाहिन्यांविना राहतो तो या तरंगत्या रूपामुळे, असे २००६ मध्ये दिसून आले. आणि गरोदरपणात हेच रूप वारेतून फाजील प्रमाणात बाहेर पडले, तर रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिने जातात; प्रीएक्लॅम्प्सियामागचे हे एक मुख्य कारण. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याचा दुष्परिणाम, दोन्हींचा नमुना निसर्गात आधीच समोर होता.

पहिला आराखडा आणि त्याचा चिकटपणा

पहिल्या रिसेप्टरला पेशीबाहेर सात डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडीचे भाग, असतात, माळेतल्या मण्यांसारखे. रीजेनेरॉनच्या गटाने त्यांतले पहिले तीन घेतले आणि मानवी प्रतिपिंडाच्या एफसी भागाला, म्हणजे शेपटीला, जोडले. दुसऱ्या रिसेप्टरऐवजी पहिला निवडण्याचे कारण उघड होते. संदेश पोचवण्याचे मुख्य काम दुसरा करतो, पण व्हीईजीएफवरची पहिल्याची पकड सुमारे दसपट घट्ट आहे. सापळ्याला संदेश पोचवायचा नसतो, नुसते धरून ठेवायचे असते.

एफसी भागाची कामे तीन. तो दोन साखळ्या एकत्र बांधतो, त्यामुळे सापळ्याला दोन हात मिळतात. रेणू मोठा होतो आणि मूत्रपिंडातून निसटत नाही. शिवाय पेशींच्या आत ओढला गेलेला रेणू एफसीआरएन नावाच्या रिसेप्टरच्या मदतीने पुन्हा रक्तात परततो. ही जोडणी तेव्हा नवखी नव्हती. याच धाटणीचे एटानरसेप्ट सांध्यांच्या आमवातासाठी १९९८ मध्येच मंजूर झाले होते.

एवढी सगळी तजवीज असूनही प्रथिन रक्तात टिकेना. उत्तर सापडले ते एका साध्या मोजमापात. या प्रथिनाचा समविद्युत बिंदू ९.४ निघाला. ज्या आम्ल-अल्कतेला प्रथिनावरचे धन आणि ऋण भार बरोबरीत येतात तो हा बिंदू. रक्ताची आम्ल-अल्कता ७.४, म्हणजे रक्तात या प्रथिनावर धनभार बराच शिल्लक. आणि पेशींच्या भोवतीचे जाळे भरलेले असते हेपॅरन सल्फेटसारख्या ऋणभारित शर्करा-साखळ्यांनी. टोचल्या जागीच प्रथिन त्या जाळ्याला चिकटून बसत होते. व्हीईजीएफसाठी लावलेला सापळा वाटेतल्या कुंपणालाच अडकला होता.

यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. नैसर्गिक रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर जागच्या जागी असतो. तिथे आसपासच्या जाळ्याला थोडे चिकटलेले असणे त्याला फायद्याचेच. तोच तुकडा औषध म्हणून प्रवासाला काढला की कालचा गुण आज अवगुण होतो. रिसेप्टरचा तुकडा उचलताना त्याच्या सगळ्या सवयी सोबत येतात. फ्यूजन प्रोटीनच्या, म्हणजे अशा जोडून केलेल्या प्रथिनांच्या, कामातली ही मूळ गोम आहे, आणि पुढे दोन लक्ष्यांच्या रेणूंतही ती पुन्हा दिसणार आहे.

दुरुस्त्या

तिसऱ्या डोमेनमध्ये दहा अमिनो आम्लांचा एक पट्टा होता, धनभाराची सगळी गर्दी तिथे. पहिल्या दुरुस्तीत तेवढाच पट्टा कापला. रक्तातली पातळी वाढली, पण पुरेशी नाही. दुसऱ्या दुरुस्तीत पट्ट्याबरोबर पहिला डोमेनही काढून टाकला, कारण व्हीईजीएफ धरण्यात त्याचा वाटा नाही. आणखी थोडी सुधारणा झाली.

तिसरी दुरुस्ती वेगळ्या जातीची होती. कापाकापी थांबवून गटाने पहिल्या रिसेप्टरचा फक्त दुसरा डोमेन ठेवला आणि त्याच्यापुढे दुसऱ्या रिसेप्टरचा तिसरा डोमेन जोडला. पकडीचे मुख्य काम पहिल्या रिसेप्टरच्या दुसऱ्या डोमेनचे, ते शाबूत राहिले. तिसऱ्या डोमेनचा आधार लागतो, तो भावंडाकडून घेतला. भावंडाच्या तिसऱ्या डोमेनवर धनभाराचा तो गठ्ठा नाही. हा संकर जाळ्याला फारसा चिकटेना, आणि त्याच मात्रेत उंदरांच्या रक्तातली त्याची पातळी मूळ आराखड्याच्या शेकडो पटींनी वर गेली. पकडीला धक्का लागला नव्हता.

हे वाचायला सोपे वाटते, पण दोन वेगळ्या प्रथिनांचे डोमेन शेजारी बसवल्यावर ते नीट घडी घालतील याची हमी नसते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर निसर्गात कुठेच नसलेला अमिनो आम्लांचा क्रम तयार होतो. रोगप्रतिकार यंत्रणा त्याला परका समजू शकते. पेशींमध्ये बनताना प्रथिनावर कोणत्या शर्करा लागतात यावरही टिकण्याचा काळ बदलतो. अफ्लिबरसेप्टचे प्रथिन ९७ किलोडाल्टनचे, शर्करा धरून ते सुमारे ११५ होते. तिसरा आराखडा चालला यात हिशेबाबरोबर थोडे नशीबही असणार.

पकडीचे आकडे पुढे २०१२ मध्ये शेजारी शेजारी मोजले गेले. व्हीईजीएफ-ए १६५ या मुख्य रूपासाठी अफ्लिबरसेप्टचा वियोजन स्थिरांक ०.४९ पिकोमोलर आला. डोळ्यात टोचायच्या रॅनिबिझुमॅब या प्रतिपिंडाच्या तुकड्याचा ४६, बेव्हासिझुमॅबचा ५८. हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. व्हीईजीएफ हे दोन सारख्या साखळ्यांचे जोडप्रथिन आहे आणि सापळ्याचे दोन हात एकाच जोडप्रथिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. प्रतिपिंडाचे हात वेगवेगळी जोडप्रथिने धरतात आणि त्यातून मोठे गुंते होऊ शकतात.

आयती मिळालेली लक्ष्ये

पहिल्या रिसेप्टरचा दुसरा डोमेन नुसते व्हीईजीएफ-ए धरत नाही. त्याच कुळातली व्हीईजीएफ-बी आणि वारेत प्रथम सापडलेला पीएलजीएफ हेही त्याच्यावर बसतात. त्यामुळे अफ्लिबरसेप्ट जन्मतःच बहुलक्ष्यी आहे, आणि त्यासाठी कोणाला वेगळे कष्ट पडले नाहीत. जाहिरातींत यावर बराच भर असतो.

त्याने फरक किती पडला? व्ह्यू नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून २४०० हून जास्त रुग्ण होते. सुरुवातीच्या तीन मासिक इंजेक्शनांनंतर अफ्लिबरसेप्ट दर आठ आठवड्यांनी दिले, आणि दर महिन्याला दिलेल्या रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीची नजर त्याने टिकवली. रॅनिबिझुमॅब फक्त व्हीईजीएफ-ए अडवते. म्हणजे जास्तीच्या दोन लक्ष्यांमुळे नजर जास्त सुधारली नाही. दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढले. आणि ते अंतर घट्ट पकड व मोठी मात्रा एवढ्यानेही समजावता येते. २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्ट म्हणजे सुमारे १७ नॅनोमोल रेणू, ०.५ मिलिग्रॅम रॅनिबिझुमॅब म्हणजे सुमारे १०. पीएलजीएफचे श्रेय यातून वेगळे काढता येत नाही. ओल्या पीतबिंदू-झिजेसाठी हे औषध नोव्हेंबर २०११ मध्ये मंजूर झाले.

कर्करोगात निकाल बेताचे आले. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला शिरेतून दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ) १२.०६ वरून १३.५० महिन्यांवर गेले. त्यावर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. रक्तात फिरणारा सापळा सगळ्या शरीराचे व्हीईजीएफ शोषतो. मूत्रपिंडाच्या गाळणीला आणि रक्तदाबाला त्याची गरज असते, म्हणून इथे प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे ओळखीची वाटू लागतात. डोळा मात्र जवळजवळ बंद कुपी. आतला काचद्रव सुमारे ४ मिलिलिटर, त्यात ०.०५ मिलिलिटर औषध. सापळ्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

दुसरा हात बसवताना

व्हीईजीएफ रोखूनही काही डोळ्यांत पाझर थांबत नाही. म्हणून दुसरे लक्ष्य शोधणे आले, आणि सगळ्यांची नजर गेली वाहिन्यांच्या पेशींवरच्या टाय२ या रिसेप्टरकडे. त्याचे दोन लिगँड, म्हणजे त्याच्यावर येऊन बसणारी प्रथिने. अँजिओपॉयटिन-१ वाहिन्यांच्या भिंती घट्ट ठेवते. अँजिओपॉयटिन-२ बहुतेक वेळा त्याच जागेवर बसून ते काम बिघडवते, भिंत सैल होते आणि व्हीईजीएफला रान मोकळे मिळते.

२०१० मध्ये दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेच्या गटाने सापळ्याची युक्ती पुढे नेली. व्हीईजीएफचा पहिला रिसेप्टर आणि टाय२ यांचे लिगँड धरणारे भाग एकाच एफसीवर बसवून त्यांनी ‘डीएएपी’ हे दुहेरी प्रथिन बनवले. उंदरांतल्या गाठींवर आणि गळतीवर ते एकहाती सापळ्यांपेक्षा सरस ठरले. आराखडा देखणा आहे. पण पुन्हा तीच गोम: टाय२चा तुकडा उचलला की त्याच्या आवडीनिवडी सोबत येतात. तो अँजिओपॉयटिन-२ धरतो तसा अँजिओपॉयटिन-१ ही धरतो. भिंत पाडणाऱ्याबरोबर गवंडीही सापळ्यात. ट्रेबानॅनिब या औषधानेही असेच दोघांना अडवले होते. अंडाशयाच्या कर्करोगात रोग थोपून राहण्याचा काळ ५.४ वरून ७.२ महिने झाला, एकूण आयुष्य काही वाढले नाही, आणि अंगाला सूज येणे हा त्याचा ठळक दुष्परिणाम ठरला.

माझ्या मते सापळा की प्रतिपिंड, हा निर्णय इथेच घ्यायला हवा. ज्या लिगँड-कुळातले सगळे सदस्य अडवायचे आहेत तिथे रिसेप्टरचा तुकडा उत्तम, एका तुकड्यात अख्खे कुळ येते. ज्या कुळात एक मित्र आणि एक शत्रू आहे तिथे निवड करणारे प्रतिपिंडच हवे. पहिल्या प्रसंगाचे उदाहरण व्हीईजीएफ, दुसऱ्याचे टाय२.

निवड करणारे प्रतिपिंड घेतले म्हणजे काम झाले असेही नाही. रीजेनेरॉननेच फक्त अँजिओपॉयटिन-२ धरणारे नेसव्हाक्युमॅब अफ्लिबरसेप्टमध्ये मिसळून एकाच इंजेक्शनातून दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन्ही मधल्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निकाल आले. नुसत्या अफ्लिबरसेप्टच्या तुलनेत पुढे जाण्याइतका फायदा दिसला नाही आणि बेत गुंडाळला गेला. त्याआधी २०१६ मध्ये दुसऱ्याच लक्ष्याची अशीच गत झाली होती. वाहिनीला टेकू देणाऱ्या पेरिसाइट पेशी पीडीजीएफ या वाढीच्या घटकावर जगतात, त्या हटवल्या की व्हीईजीएफचा मारा खोल जाईल असा तर्क होता. पेगप्लेरानिब शेवटच्या टप्प्यात पडले, रीजेनेरॉनचे रिन्युक्युमॅब मधल्या टप्प्यात. व्हीईजीएफ-सी आणि डी धरणारा, तिसऱ्या रिसेप्टरपासून बनवलेला सोझिनिबरसेप्ट हा सापळा मार्च २०२५ मध्ये पडला. तोही अफ्लिबरसेप्टच्या जोडीला दिला होता. उंदरांत हे सगळे तर्क चांगले चालले होते.

फॅरिसिमॅबची गोष्ट या रांगेत उठून दिसते. हे फ्यूजन सापळा नव्हे, दोन वेगळ्या हातांचे प्रतिपिंड आहे: एका हातात व्हीईजीएफ-ए, दुसऱ्यात अँजिओपॉयटिन-२. एफसीचा भाग मुद्दाम बोथट केला आहे, कारण डोळ्यात प्रतिकार पेशींना बोलावण्याची गरज नाही आणि तिथून रक्तात गेलेला रेणू फार काळ राहू नये असेच वाटते. शेवटच्या टप्प्यातल्या टेनाया आणि ल्यूसर्न चाचण्यांत आठ आठवड्यांच्या अफ्लिबरसेप्टइतकीच नजर टिकली, आणि सुमारे ४५ टक्के रुग्णांना १६ आठवड्यांचे अंतर चालले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. लक्ष्यांची तीच जोडी मिश्रणात हरली आणि एका रेणूत जिंकली, असे मग सर्रास लिहिले गेले.

मात्रांकडे बघितले की हे वाक्य डळमळते. फॅरिसिमॅब ६ मिलिग्रॅम देतात, म्हणजे सुमारे ४० नॅनोमोल. समोर अफ्लिबरसेप्टचे २ मिलिग्रॅम, सुमारे १७ नॅनोमोल. अंतर वाढले ते दुसऱ्या हातामुळे की रेणूंची संख्या दुपटीहून जास्त होती म्हणून? पुढे अफ्लिबरसेप्टचीच मात्रा ८ मिलिग्रॅम केली. तेच १७ नॅनोमोल आता ७० वर गेले, आणि बहुसंख्य रुग्ण १२ ते १६ आठवड्यांवर राहू शकले. त्या औषधाला अँजिओपॉयटिन-२ साठी हातच नाही. तरी ८ मिलिग्रॅमची ती कुपी २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात औषधाची तीव्रता मिलिलिटरमागे ११४ मिलिग्रॅमच्या वर आहे. प्रथिन एवढे दाट असूनही गुठळ्या न होता सुईतून जावे, ही कसरत नव्या लक्ष्याइतकी चमकदार नाही, पण परिणाम बघता कमी महत्त्वाची म्हणता येणार नाही.

दोन हात एका रेणूत बांधण्याचा आणखी एक तोटा सहसा बोलला जात नाही. प्रमाण कायमचे ठरून जाते. डोळ्यात दोन लक्ष्ये सारख्या प्रमाणात नसतात, दोन्हींना सारखे दाबणेही गरजेचे नसते. पण रेणू एकास एकच देतो. दोन कुप्या असत्या तर एकीची मात्रा बदलता आली असती. फायदा एवढाच की दोन्ही हात एकाच वेळी एकाच जागी पोचतात आणि इंजेक्शन एकच. सूज हे मुळातले दुखणे असेल तर हा सौदा कदाचित परवडतो. एफडामरोफस्प अल्फा या चिनी फ्यूजन प्रोटीनमध्ये एफसीच्या एका टोकाला व्हीईजीएफचा सापळा आणि दुसऱ्या टोकाला पूरक प्रथिने (रक्तातली रोगप्रतिकाराची प्रथिने) अडवणारा भाग आहे. इथे मला तर्क जास्त पक्का वाटतो. दुसरे लक्ष्य वाहिन्यांच्या त्याच साखळीतले नाही, २००५ पासून पीतबिंदूच्या झिजेशी जनुकीय नाते दाखवणाऱ्या पूरक यंत्रणेतले आहे. म्हणजे हा रेणू दुसऱ्या हाताने वेगळेच काहीतरी करू पाहत आहे.

अशा प्रत्येक रेणूबरोबर त्याचा एक जुळा भाऊ तपासायला हवा: वजन तेच, मात्रा तीच, एफसी तोच, फक्त दुसरा हात एका उत्परिवर्तनाने निकामी केलेला. तबकडीत आणि उंदरांत हे करतात. माणसांच्या मोठ्या चाचण्यांत तुलना होते ती बाजारातल्या औषधाशी, त्याच्या नेहमीच्या मात्रेत. आणि मंजुरीसाठी ते पुरते. फॅरिसिमॅबच्या अमेरिकी माहितीपत्रकात, औषध कसे काम करते हे सांगणाऱ्या परिच्छेदात, एक वाक्य आहे: अँजिओपॉयटिन-२ रोखण्याचा उपचाराच्या परिणामात किती वाटा आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही.